मुलाबाळांना घेऊन अंदमानच्या पाण्याखाली: स्नॉर्केलिंग-डायव्हिंगच्या सहलीची घरापासूनची तयारी

अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात उभी राहून माझी मुलगी रडत होती. वय दहा, पोहायला उत्तम, पुण्याच्या तलावात न थांबता वीस फेऱ्या मारणारी. शिकवणारा इन्स्ट्रक्टर शांतपणे सांगत होता, "नाक विसर, तोंडाने श्वास घे." तिला नेमकं तेच जमत नव्हतं. नाक मास्कमध्ये बंद, तोंडात रबराची नळी, कानांत पाण्याचा आवाज, हे सगळं तिच्या आयुष्यात त्या सकाळी पहिल्यांदा आणि एकाच वेळी आलं होतं. आम्ही दोघं बाजूला उभे राहून "काही होत नाही गं" म्हणत होतो. ती त्या दिवशी पाण्याखाली गेली नाही, आणि तिने जायला नकार दिला हे योग्यच झालं.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. मधल्या काळात समुद्र तोच राहिला होता, आम्ही मात्र दहा आठवडे तयारी केली होती. या वेळी ती खाली गेली, धाकटा स्नॉर्केल (तोंडात धरायची, पाण्यावर टोक राहणारी श्वासाची नळी) लावून तासभर पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हता, आणि सासूबाईंनीही पासष्टाव्या वर्षी लाइफ जॅकेट घालून पाण्यात तोंड घातलं. त्या अनुभवातून माझं एक मत पक्कं झालं आहे: बेटावर फक्त मासे नवीन असावेत. श्वास, मास्क, कान, खुणा हे सगळं घरून शिकून न्यावं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

कोण काय करणार, हे आधी ठरवा

तिकिटं काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं वय, तब्येत आणि पाण्याची भीती एका कागदावर लिहून काढा. वयाचे नियम ठरलेले आहेत. डायव्हिंग शिकवणाऱ्या पाडी (PADI) या संस्थेच्या पद्धतीत पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रातली पहिली ओळख-डाइव्ह (हॅवलॉकला तिला सगळे 'ट्राय डाइव्ह' किंवा 'डीएसडी', म्हणजे डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग, म्हणतात) दहा वर्षं पूर्ण झाल्यावरच करता येते, आणि ती १२ मीटरच्या आत. प्रत्यक्षात नवख्यांना त्याहून बऱ्याच उथळ पाण्यात फिरवतात. आठ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे, पण तो दोन मीटरच्या आतल्या सुरक्षित पाण्यातला. सर्टिफिकेट देणारा ओपन वॉटर कोर्सही दहाव्या वर्षापासून करता येतो. मोठ्यांना त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं, दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मात्र १२ मीटरपर्यंतच, तेही सर्टिफिकेट असलेल्या पालकासोबत किंवा प्रशिक्षकासोबत.

"सात वर्षांचा आहे, पण धीट आहे, नेऊ की" असं म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठून या. लहान मुलांच्या कानाची आतली नळी अरुंद असते, आणि त्यांना आत काय होतंय ते सांगता येत नाही. धाकट्यांसाठी स्नॉर्केलिंग पुरेसं आहे. किंबहुना पहिल्या सहलीत मला स्नॉर्केलिंगच जास्त आवडतं. अंदमानात कितीतरी प्रवाळ दोन-तीन मीटरवरच आहे आणि त्या खोलीवर उजेड भरपूर असल्याने रंगही जास्त दिसतात. खाली जावं तसा लाल रंग आधी नाहीसा होतो.

ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही, त्यांना जबरदस्ती नको. नील बेटावर भरतपूरला काचेच्या तळाची बोट मिळते. आजी-आजोबा त्यातून पोवळी, मासे, समुद्रकाकड्या आरामात बघू शकतात.

महिना आणि तिथी

अंदमानचा समुद्र साधारण डिसेंबर ते एप्रिल शांत असतो. नैऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी तिथेच पोचतो, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. म्हणजे आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीतला पहिला भागच कामाचा. परीक्षा संपली की एप्रिलच्या उत्तरार्धात निघा, फार तर मेच्या पहिल्या आठवड्यात. मेच्या शेवटी स्वस्त मिळालेलं पॅकेज खोलीच्या खिडकीतून पाऊस बघण्यात जाण्याची शक्यता मोठी. दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि वादळं होत असतात, बोटी रद्द होतात. नाताळात समुद्र चांगला असतो, पण गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात.

पाण्याचं तापमान वर्षभर २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे मुलं गारठत नाहीत. तरी तासाभराने ओठ निळसर दिसले की बाहेर काढा.

आता कॅलेंडर उघडा आणि तिथी बघा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या भरतीत पाणी कमी चढतं, कमी उतरतं, त्यामुळे प्रवाहाचा जोरही कमी असतो. शक्य असेल तर पाण्यात उतरण्याचे दोन-तीन दिवस अष्टमीच्या मागेपुढे येतील असं बघा. भरती-ओहोटीच्या नेमक्या वेळा मात्र तिथल्याच विचारायच्या, तिथीवरून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला हिशेब तिथे चालत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही हे केलं आणि नीलच्या पाण्यात धाकट्याला ओढ अजिबात जाणवली नाही.

दहा आठवडे आधी: गावातला तलाव

तलावाच्या व्यवस्थापकाला आधीच विचारा. काही ठिकाणी मास्क आणि फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) चालत नाहीत. आम्हाला दुपारच्या रिकाम्या बॅचला परवानगी मिळाली.

पहिले दोन आठवडे फक्त नाक आणि तोंड यांची फारकत. कमरेइतक्या पाण्यात कठडा धरून उभं राहायचं, मास्क न लावता नुसता स्नॉर्केल तोंडात धरायचा आणि चेहरा पाण्यात घालून तोंडाने श्वास घेत राहायचं. नाक उघडं, पाणी नाकपुड्यांना लागतंय, तरी आत ओढायचं नाही. पहिल्या दिवशी माझ्या मुलीला चार श्वास जमले, नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती दोन मिनिटं तशी राहिली. हा एक व्यायाम बाकी सगळ्यापेक्षा मोलाचा आहे. समुद्रात मास्कमध्ये पाणी शिरतंच, आणि ज्याला नाक ओलं असताना तोंडाने श्वास घेता येतो तो घाबरत नाही.

मग मास्क. मुद्दाम त्यात थोडं पाणी घ्यायचं, बोटांनी वरची कड कपाळावर दाबायची, मान किंचित वर करायची आणि नाकाने जोरात श्वास सोडायचा. पाणी खालच्या कडेने निघून जातं. स्नॉर्केलच्या नळीत पाणी शिरलं तर तोंडाने एक जोरदार फुंकर, फुंकणीने चूल पेटवावी तशी. या दोन गोष्टी हाताला वळण लागेपर्यंत करा, दर खेपेला दहा वेळा.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून फिन्स. लाथ गुडघ्यातून नाही, कमरेतून. मुलं सायकल मारल्यासारखे पाय हलवतात, त्याने दमछाक होते आणि समुद्रात खालच्या प्रवाळाला फटके बसतात.

शेवटच्या आठवड्यांत दोन चाचण्या घ्या: न थांबता २०० मीटर पोहणं, वेगाची अट नाही, आणि दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगणं. ओपन वॉटर कोर्सला हे दोन्ही लागतंच. नुसत्या स्नॉर्केलिंगला किंवा ट्राय डाइव्हला पोहता येणं सक्तीचं नसतं, लाइफ जॅकेट आणि इन्स्ट्रक्टर असतात. पण ज्याला थकल्यावर उताणं होऊन निवांत पडून राहता येतं त्याची भीती निम्मी होते, म्हणून सगळ्यांना तेवढं शिकवाच.

जमल्यास मध्ये एक शनिवार-रविवार मालवण-तारकर्लीला जाऊन या. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात नवख्यांना खाली नेतात. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं. पण खारट पाणी, लाटा, हलती बोट यांची ओळख घराजवळ होते, आणि बोट कुणाला लागते तेही कळतं.

कान

या एका विषयावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सहली इथेच फसतात.

दहा मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. कानाच्या पडद्यामागे जी हवा असते ती आवळली जाते आणि पडदा आत ओढला जातो. घाट उतरताना कानाला दडे बसतात ना, तेच, पण कितीतरी झपाट्याने. सर्वांत वेगाने बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो. म्हणून "आम्ही काय फार खोल जाणार नाही" याला अर्थ नाही, कान तीन मीटरवरही दुखतात.

उपाय साधा आहे. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकातून हलकेच हवा सोडायचा प्रयत्न करायचा. कानांत 'टक' असा आवाज येतो. हे दुखायला लागल्यावर नाही, दुखण्याआधी, दर हातभर उतरताना करायचं. जोर लावायचा नाही. टक झालं नाही तर हातभर वर यायचं, पुन्हा करायचं. तरीही नाही झालं तर त्या दिवशी डाइव्ह नाही, बस. घरी रोज दात घासल्यावर मुलांकडून पाच वेळा करून घ्या.

आमच्या पहिल्या सहलीत मला सर्दी होती. पैसे भरलेत म्हणून मी उतरले. चार मीटरवर उजव्या कानात सुई खुपसल्यासारखं झालं, वर आल्यावर दोन आठवडे त्या कानाला कमी ऐकू येत होतं. सर्दी असताना डाइव्ह करू नये. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन जाणं तर अधिक धोक्याचं, कारण तिचा असर पाण्याखाली असतानाच उतरला तर वर येताना हवा आत अडकते.

डॉक्टरांकडे एक फेरी

डाइव्हच्या आधी एक वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, फिट्स, कान-सायनसची शस्त्रक्रिया, अलीकडचं कुठलंही ऑपरेशन यांची त्यात चौकशी असते. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना जादा प्रश्न असतात. गरोदर असताना डाइव्ह करतच नाहीत. कशाचं तरी उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती हॅवलॉकला मिळवणं अवघड. म्हणून फॉर्म डाइव्ह सेंटरकडून आधीच ईमेलवर मागवा, महिनाभर आधी घरच्या डॉक्टरांना दाखवा, शक्य असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कानातला मळही बघून घ्या.

फॉर्मवर खोटं लिहू नका. मुलाला लहानपणी दमा होता आणि आता नाही, तरी लिहा. श्वासनळीचा एखादा भाग आवळलेला असेल तर वर येताना आतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते.

स्नॉर्केलिंगला फॉर्म नसतो म्हणून ज्येष्ठांना कुणी काही विचारत नाही. तोंडाने श्वास, पाण्याचा दाब आणि धाकधूक या तिन्हींचा हृदयावर ताण येतो. साठीच्या पुढच्या सगळ्यांनी जाण्याआधी तपासून घ्यावं. सासूबाईंना डॉक्टरांनी "जॅकेट घालून, उथळ पाण्यात, वीस मिनिटं" असं सांगितलं, आम्ही ते अक्षरशः पाळलं.

विम्याचा कागदही याच आठवड्यात वाचा. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बऱ्याचदा वगळलेलं किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरलेलं असतं.

सेंटरला काय विचारायचं

फोन करा, मेसेजवर भागवू नका. लहान मुलामागे एक इन्स्ट्रक्टर स्वतंत्र मिळेल का? नवख्या मोठ्यांना एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण नेता? बोटीवर ऑक्सिजनची टाकी असते का? काही झालं तर डीकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर रक्तात बुडबुडे झाले तर उपचार करायची दाबाची खोली) कुठे, आणि तिथे किती वेळात पोचवाल? मुलांच्या मापाचे मास्क, सूट, फिन्स आहेत का? सराव उथळ पाण्यात किती वेळ घेता? ऐन वेळी मूल घाबरलं तर पैसे परत की दिवस बदलून?

चांगल्या सेंटरचा माणूस या प्रश्नांनी वैतागत नाही, उलट तोच तुम्हाला चार प्रश्न विचारतो. "टेन्शन घेऊ नका, सगळं होतं" एवढंच उत्तर येत असेल तर दुसरं सेंटर बघा. फोटो-व्हिडिओ फुकट आहेत की नाहीत हा प्रश्न सर्वांत शेवटी.

खर्चाचा अंदाज: ट्राय डाइव्ह माणशी साधारण ३,५०० ते ६,००० रुपये, ओपन वॉटर कोर्स २५ ते ३५ हजारांच्या घरात आणि त्याला तीन-चार दिवस लागतात. फार स्वस्त मिळत असेल तर पाण्याखालचा वेळ किंवा इन्स्ट्रक्टर, दोन्हींपैकी काहीतरी कमी केलेलं असतं.

दिवसांची मांडणी

मुंबई-पुण्याहून बहुतेक विमानं चेन्नई, कोलकाता किंवा बेंगळुरूमार्गे पोर्ट ब्लेअरला पोचतात. सप्टेंबर २०२४पासून शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम झालं आहे आणि डिसेंबर २०१८मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप असं नामकरण झालं. तिकिटांवर आणि बोलण्यात दोन्ही नावं भेटतील, गोंधळू नका. पोर्ट ब्लेअरहून खासगी कॅटामरान बोटीने हॅवलॉक दीड-दोन तास, सरकारी फेरीने जरा जास्त. बोट लागणाऱ्यांनी मधल्या, खालच्या सीटवर बसावं, रिकाम्या पोटी किंवा तट्ट पोटाने चढू नये, आणि गोळी लागणार असेल तर डॉक्टरांना विचारून अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी.

आम्ही आठ दिवस अशा प्रकारे वापरले. पहिला दिवस प्रवास आणि झोप. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, संध्याकाळी राधानगरच्या वाळूत मुलांना मोकळं सोडलं. तिसऱ्या दिवशी एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग. चौथ्या दिवशी पहाटे ट्राय डाइव्ह. पाचवा दिवस मुद्दाम रिकामा ठेवला, समुद्र बिघडला, कुणाला ताप आला, मुलगी पुन्हा घाबरली तर हाताशी असावा म्हणून. यातलं काहीच झालं नाही, तेव्हा तिने त्याच दिवशी दुसरी डाइव्ह केली. सहाव्या दिवशी नील, भरतपूरला भरतीच्या वेळी स्नॉर्केलिंग (ओहोटीला तिथे पोवळी उघडी पडतात, पोहायला पाणीच राहत नाही) आणि ओहोटीला लक्ष्मणपूरच्या दगडी कमानीपाशी खडकांतली डबकी. सातव्या दिवशी दुपारी पोर्ट ब्लेअर, आठव्या दिवशी विमान.

शेवटची डाइव्ह आणि विमान यांत २४ तासांचं अंतर ठेवा. एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास सांगितले जातात, पण मुलांसोबत पूर्ण दिवस सोडलेला बरा. पाण्याखाली दाबाने रक्तात आणि पेशींत जास्त नायट्रोजन विरघळतो, तो सावकाश बाहेर पडावा लागतो. विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर होतात तसे. पहिल्या सहलीत एका सेंटरने आम्हाला विमानाच्या दिवशी पहाटेची वेळ दिली होती, "उथळच तर आहे" म्हणत. आम्ही ती रद्द केली.

त्या सक्तीच्या विश्रांतीत सेल्युलर जेल बसतं. १९११मध्ये सावरकरांना तिथे आणलं गेलं, त्यांची कोठडी बघताना मुलं अगदी गप्प झाली. हे ठिकाण घाईत उरकायचं नाही, आणि न उडण्याच्या दिवशी घाई करायचं कारणही नसतं.

एक लक्षात असू द्या: अंदमान देशाच्या पूर्वेला इतकं दूर आहे की भारतीय वेळेनुसार सूर्य पाचच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या आत-बाहेर मावळतो. सकाळी साडेपाचला निघणं तिथे उशिरा नाही, लवकरही नाही. वारा कमी, पाणी काचेसारखं, गर्दी यायची असते.

स्नॉर्केलिंगच्या दिवशी

एलिफंट बीचला जेट्टीवरून बोटीने साधारण वीस मिनिटं लागतात, किंवा रस्त्यावरून जंगलातून अर्धा-पाऊण तास चालत जाता येतं. पहिल्या बोटीने जा. दहानंतर तिथे जेट-स्की आणि बनाना बोटींचा गोंगाट सुरू होतो. काठाजवळचं प्रवाळ बरंच मेलेलं आहे, याची मुलांना आधी कल्पना द्या. २०१०मध्ये समुद्र तापून अंदमानात मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं आणि त्यानंतरही तडाखे बसले आहेत. थोडं पुढे गेलं की जिवंत भाग दिसतो: मेंदूसारख्या वळ्यांची गोल पोवळी, हरणाच्या शिंगांसारखी फांद्यांची, आणि त्यांत निळ्या-जांभळ्या ओठांचे मोठे शिंपले, सावली पडली की मिटणारे.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा. केस आत अडकू देऊ नका. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतंच, नाकाखालची अर्धा सेंटिमीटर मिशी कमी केली की फरक पडतो. डोक्याला तेल लावून जाऊ नका, पट्टा सरकतो आणि पाण्यावर तवंग येतो. मंगळसूत्र, कानातलं, साखळी खोलीवर ठेवा, अडकतं आणि हरवतं. नवा मास्क घेतला असेल तर घरीच आतल्या काचेला साधी टूथपेस्ट चोळून दोन-तीनदा धुवा, नाहीतर धुकं धरतो. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मी मुलांना देत नाही, त्यात सोडलेला श्वास नीट बाहेर पडला नाही तर तोच पुन्हा आत जातो, आणि घाबरलेल्या मुलाला ते पटकन काढता येत नाहीत.

दोघादोघांच्या जोड्या करा, एक मोठा एक लहान, हात धरून. जोडी तुटली की दोघांनीही डोकं वर काढायचं. किनाऱ्यावर एक मोठा माणूस फक्त डोकी मोजायला ठेवा, त्याच्या हातात मोबाइल नको. पाय कशावरही टेकायचे नाहीत. पोवळं जिवंत असतं आणि गोल जातीचं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, शिवाय त्यात विषारी काट्यांचा स्टोनफिश दगडासारखा बसलेला असू शकतो. त्याचा किंवा लायनफिशचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

मगरींबद्दलही बोलायला हवं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१०मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये एका अमेरिकी तरुणीचा हल्ल्यात मृत्यू झाला. पाटी असेल तिथे पाण्यात जायचं नाही, खारफुटीच्या खाड्यांच्या तोंडाशी नाही, अंधार पडल्यावर कुठेच नाही. उतरण्याआधी जीवरक्षकाला किंवा हॉटेलवाल्याला विचारा.

डाइव्हच्या सकाळी

हलकं खाऊन जा. केळं, टोस्ट, थोडे पोहे. हॅवलॉकच्या नेमो रीफवर किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात उतरता येतं, म्हणून नवख्यांना आणि मुलांना ते बरं पडतं, बोटीतून उडी मारायची भीती नाही.

खुणा आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर घोकून घ्या. सगळ्यांत मोठा घोटाळा अंगठ्याचा होतो. आपल्याकडे अंगठा वर म्हणजे 'मस्त', पाण्याखाली मात्र 'मला वर न्या'. मुलं आनंदाने अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना वर घेऊन येतो. 'ठीक आहे' म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. काही बिनसलं तर पंजा आडवा हलवायचा आणि जिथे त्रास आहे तिथे बोट दाखवायचं.

पाण्याखालचा नियम एकच, आणि तो मुलांकडून दहादा म्हणवून घ्या: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर घेतलेला श्वास वर येईपर्यंत फुगून दुप्पट होतो. श्वास चालू असेल तर तो निघून जातो, रोखला तर फुप्फुस ताणलं जातं. वर येतानाही सावकाश, आपल्याच बुडबुड्यांच्या मागे राहून.

माझी मुलगी उतरली तेव्हा मी तीन हातांवर होते. एक मीटरवर ती थांबली, नाक धरलं, डोळे मोठे केले, मग वर्तुळ दाखवलं. पुन्हा हातभर खाली, पुन्हा नाक, पुन्हा वर्तुळ. साधारण पाच मीटरवर वाळूत एक समुद्रफूल होतं, त्याच्या झालरीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे तीन मासे. त्यातला सगळ्यांत लहान तिच्या मास्कपर्यंत येऊन तिला दटावून गेला. तिच्या बुडबुड्यांची माळ एकसारखी वर जात होती, त्यावरूनच मला कळलं की ती घाबरलेली नाही.

मूल मध्येच 'वर' म्हणालं तर वर. पैशांचा विषय त्या दिवशी काढायचा नाही.

बॅगेत

पूर्ण बाह्यांचे पोहायचे शर्ट सगळ्यांना, कारण स्नॉर्केलिंगमध्ये पाठ आणि पोटऱ्या भाजून निघतात आणि सनस्क्रीन पाण्यात उतरून प्रवाळाला त्रास देतं. चेहऱ्यापुरतं झिंकचं लावा. प्रत्येकाचा स्वतःच्या मापाचा मास्क आणि स्नॉर्केल, फिन्स तिथे भाड्याने. कान पुसायला मऊ पंचे, ओआरएस, घरची औषधं, आधार कार्डाच्या प्रती, आणि रोख रक्कम. बेटांवर एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेलं की फोनवरचे पैसे देता येत नाहीत. रोज पाण्यातून आल्यावर कान गोड्या पाण्याने धुऊन मान वाकवून कोरडे करा, काडी घालू नका. परतल्यावर कान दुखत राहिला, अंगावर पुरळ आलं, सांधे दुखले किंवा हातपाय बधिर वाटले तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि डाइव्ह केल्याचं आपणहून सांगा, ते विचारणार नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री मुलांचे खिसे तपासा. सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, किनाऱ्यावर मेलेला तुकडा मिळाला तरी नेता येत नाही, आणि विमानतळावर सामान तपासतात. धाकट्याच्या चड्डीच्या खिशात मुठीएवढी वाळू, दोन कवड्या आणि बोटभर पांढऱ्या पोवळ्याची फांदी निघाली. नील सोडायच्या दिवशी सकाळी बोटीआधी आम्ही भरतपूरला गेलो. त्याने ते सगळं गुडघाभर पाण्यात एकेक करून ठेवलं, कवडी पडली तिथून एक खेकडा तिरका पळाला, आणि आम्ही जेट्टीकडे निघालो.